सातवी पुंगळी

बोळा काढला की आधी काडेपेटीचा वास यायचा, मग पितळेचा, आणि श्वास संपता संपता अगदी शेवटी थंडीतल्या वाळूचा. बोटाएवढी एक रिकामी पुंगळी. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीतून कधीकाळी उडालेल्या गोळीचं मागे उरलेलं पितळी कवच. आज सकाळी सामान बांधताना ती शिवणाच्या डब्यात सापडली, असं मी नवऱ्याला सांगितलं. सापडली कसली! ती कुठे आहे हे मला आठ वर्षं ठाऊक होतं.

"ही अजून आहे?" नवरा खोके चिकटवता चिकटवता थांबला. "अगं, एअरपोर्टवर स्कॅनरमध्ये दिसली तर खलास. वर्ल्ड कप राहील बाजूला, आपलीच मॅच लावतील. टाकून दे."

"टाकू कशी? माझी नाहीये ती."

"मग ज्यांची आहे त्यांना देऊन ये. परवा कार्गोवाले येतायत."

खिडकीतून अल थुमामाचं स्टेडियम दिसत होतं, पांढऱ्या विणलेल्या टोपीसारखं. दिव्यांच्या खांबांवर झेंडे लागले होते. ज्या बांधकामासाठी आम्ही आखातातल्या या शहरात आलो ते उभं राहिलं होतं, नवऱ्याचं कंत्राट संपलं होतं, आणि उद्घाटनाची मॅच आम्ही पुण्याला टीव्हीवर बघणार होतो. मी पुंगळी पदरात गुंडाळली आणि पलंगावर बसून राहिले. निघायला मला दुपार झाली.

आठ वर्षांपूर्वी आम्ही शहराच्या दुसऱ्या भागात, मुऐदरला राहायचो. एका मोठ्या व्हिलाचा वरचा मजला आमचा, खाली घरमालकीण उम्म सालेम. मोठ्या मुलाच्या नावावरून आईला हाक मारायची ही इकडची रीत मला पहिल्या दिवशीच आवडली, कारण लहानपणी आमच्या कारखान्याच्या वसाहतीतही कुणाची आई बंडूची आई होती तर कुणाची शालूची. उम्म सालेम म्हणजे सालेमची आई. जिन्यात सकाळी वेलदोडे घातलेल्या कॉफीचा वास असायचा आणि संध्याकाळी ऊदाच्या धुराचा. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत पारवे घुमायचे. त्या सगळ्यावर दिवसभर पोकलेनची घरघर. शहर सगळं खणून ठेवलेलं होतं. काल जो रस्ता होता तिथे आज पिवळा बाण, उद्या भिंत. नवरा म्हणायचा, आपण ऑफिसला जात नाही, ऑफिस शोधायला जातो.

उम्म सालेमच्या चेहऱ्यावर जुन्या बायका घालतात तो ताठ बुरखा असायचा, निळसर चकाकणारा, नाकावर कणा असलेला. हिंदी बोलायची ती, तिची स्वतःची. तरुणपणी नवऱ्याच्या आजारपणात तीन महिने मुंबईला एका हॉटेलात राहिली होती आणि तेवढ्या शिदोरीवर तिनं सगळा जन्म काढला होता. मला म्हणायची, "बेटी, इधर बैठो, चाय पियो, बात करो." क्रम ठरलेला. मी बसायची, प्यायची, बोलायची. परदेशात मला माहेर असं काही मिळालं असेल तर त्या बैठकीतल्या लाल गालिच्यावर.

तिथेच तिनं मला ती थैली दाखवली. तिच्या नवऱ्याच्या डोक्यावरच्या रुमालाची शिवलेली, आत अस्तर लावलेली थैली. आतून सात काळपट पुंगळ्या निघाल्या, प्रत्येकीच्या तोंडात त्याच रुमालाचा बोळा. मूल झालं की तिचा नवरा पहाटे वाळवंटात जाऊन हवेत एक बार काढायचा आणि परत येऊन पुंगळी तिच्या हातात ठेवायचा. सात मुलं, सात बार. "लड़की का भी," ती बोट वर करून म्हणाली. "लोग हँसता था. मेरा आदमी बोला, हँसने दो."

मी एक उचलली, उलटी करून बूड बघितलं आणि किंचाळलेच. बुडावर गोल ठसा होता. तो ठसा मी लहानपणी आमच्या घरातल्या पेपरवेटवर, फुलदाणीवर, शेजारच्या काकांच्या अॅश-ट्रेवर बघितला होता. पुण्याजवळच्या आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्याचा ठसा. समुद्र ओलांडून ही काडतुसं कुणाच्या तरी उंटावरून, गलबतावरून इथे आली होती आणि या घरातल्या सात बाळांच्या नावानं उडाली होती.

"उम्म सालेम, ये हमारा है! मेरी माँ का फैक्टरी!"

माझी आई त्या कारखान्यात तपासणीला होती. वसाहतीतली मुलं म्हणायची, हिची आई गोळ्या निवडते. खरंच, तांदूळ निवडतात तशाच. समोर काडतुसांची रास, ती एकेक बोटांवर गोल फिरवून बघायची. चीर, पोचा, डाग दिसला की बाजूला. सकाळचा भोंगा झाला की निघायची आणि संध्याकाळच्या भोंग्याला परत. बोटांचा पितळी वास साबणानं जायचा नाही. वरणभात कालवून भरवायची तेव्हा पहिल्या घासाला तो यायचा, आणि मला वाटायचं वरणाला असाच वास असतो. दुपारी टेकडीमागून चाचणीचे बार ऐकू यायचे. वारा आमच्या बाजूला असला की त्यांच्यामागून जळका, काडेपेटीसारखा वास यायचा. वाळत घातलेल्या कपड्यांत तो राहायचा. शाळेचा फ्रॉक डोक्यातून घालताना मी क्षणभर आत थांबून तो हुंगायची, आणि आई ओरडायची, "अगं, बस चुकेल!"

आणि खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी अख्खी वसाहत घासायला बसायची. कारखान्यात यंत्रांची पूजा, घरात हत्यारांची. बाबांचे पाने, विळी, कात्री, अडकित्ता, सगळं अंगणात. पितळेला चिंचेचा कोळ आणि मीठ. कोळ लावून जरा थांबायचं, मग हिरवट काळं पाणी ओघळायला लागलं की आई म्हणायची, "बघ, आता खरा रंग आला." झेंडूची पाकळी, हळदीकुंकू. आईनं एकदा कारखान्यातली बाद ठरलेली पुंगळीसुद्धा पाटावर मांडली होती. चकचकीत, नवी.

मुऐदरच्या त्या दिवसांत उम्म सालेमचा नातू, सालेमचा मुलगा, लग्नाला आला होता. सालेम मोठा हौशी माणूस. त्याचं म्हणणं, आजोबांची रायफल आहे, लायसन्स आहे, पुंगळ्या आहेत. नेमबाजीच्या क्लबातल्या त्याच्या मित्राकडे पुंगळ्या पुन्हा भरायचं यंत्र होतं. बुडाला ठिणगीची नवी टोपी, आत नवी दारू. लग्नाच्या दिवशी वाळवंटातल्या तंबूसमोर तेच बार पुन्हा उडतील, आजोबा असल्यासारखं वाटेल. उम्म सालेम म्हणत होती, जसं आहे तसं राहू दे. महिनाभर त्या घरात हाच वाद.

एका सकाळी ती थैली घेऊन स्वतः जिना चढून आली. गुडघे दुखत होते तरी आली. थैली माझ्या ओंजळीत ठेवली.

"तुम्हारा माँ ये काम किया. तुम देखो. सालेम तुम्हारा बात सुनेगा." दारातून वळून पुन्हा म्हणाली, "ठीक नहीं है, तो बोलो ठीक नहीं है. हाँ?"

इतकं स्पष्ट सांगितलं होतं बाईनं. आणि मला काय ऐकू आलं? मला ऐकू आलं की माझ्या आईच्या कामाची कुणीतरी कदर केली. मी हुरळले. त्या दिवशी खंडेनवमी होती.

तपासायचं तर आधी स्वच्छ नको का करायला? गच्चीवर परात घेतली. सोड्याच्या गरम पाण्यात पुंगळ्या बोळ्यांसकट टाकल्या. बोळे सुटून वर आले, ते मी केरात टाकले. पाण्याला जळका वास आला तेव्हा नाक मुरडलं, किती घाण म्हणून. मग चिंचेचा कोळ, मीठ, बाटली धुवायचा बारका ब्रश. सई, माझी लेक, तेव्हा पाचवीत होती. ती कठड्यापाशी उभी राहून बघत होती.

"आई, व्हाय आर यू वॉशिंग बुलेट्स?"

"बुलेट नाहीत गं, पुंगळ्या. उम्म सालेमना सरप्राइज."

"डिड शी आस्क यू टू?"

"तू अभ्यासाला बस."

ऑक्टोबरच्या उन्हात त्या अशा झळकल्या की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. एकेक बोटांवर फिरवली, आई फिरवायची तशी. एकीला चीर नाही. संध्याकाळी ताटात झेंडूची फुलं घालून खाली घेऊन गेले. सालेम बैठकीतच होता. "माशाल्ला!" म्हणून उठलाच. "सिस्टर, गुड? स्ट्राँग?"

आणि मी म्हणाले, "फर्स्ट क्लास."

आईच्या कारखान्याचं नाव राखायला म्हणाले. दुसरं काही नाही.

उम्म सालेमनं एक पुंगळी उचलली. बुरख्याखालून नाकाशी नेली. थांबली. दुसरी उचलली. मग तिसरी. माझ्याकडे बघितलं, आणि त्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. पुंगळ्या ताटात परत ठेवून ती मुलाला अरबीत हळू म्हणाली, "खलास, सालेम. घेऊन जा." मला म्हणाली, "शुक्रन, बेटी. बहुत मेहनत किया." आणि चहा मागवला. ताटात किती पुंगळ्या आहेत ते तिनं मोजलं की नाही, मला कळलं नाही. मी तर मोजल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. थैली तरी मळकी कशाला द्यायची म्हणून ती धुवायला घेतली, आणि अस्तराच्या फाटक्या कोपऱ्यात काहीतरी टणक लागलं. सातवी. काळपट, बोळ्यासकट, कोरडी. मी बोळा काढला आणि हुंगलं.

काडेपेटी, पितळ, थंडीतली वाळू. एका माणसानं पहाटे खांद्याला रायफल लावली होती, त्या पहाटेचा सगळा धूर त्यात होता. मी बाथरूमच्या जमिनीवर बसले. सहा पहाटा मी चिंचेनं घासून गटारात सोडल्या होत्या, आणि वर झेंडू वाहिला होता.

तेव्हा ती सातवी तशीच उचलून खाली गेले असते तर एवढं सगळं लिहायची वेळ आली नसती. पण ती दिली की उम्म सालेमला बाकीच्यांचं काय झालं ते शेजारी शेजारी ठेवून दिसणार. ती मी केलेल्या चुकीचा पुरावा होती. उद्या देऊ म्हटलं. मग सालेमनं सहा पुंगळ्या मित्राकडे नेल्या, आणि आता दिली तर हीसुद्धा भरतील असं मी स्वतःला समजावलं. चोराला कारण सापडलं की तो चोर राहत नाही, असं निदान मला तेव्हा वाटलं. धुतलेली थैली वाळवून, इस्त्री करून परत दिली. पुंगळी शिवणाच्या डब्यात गेली.

लग्नात सहा बार झाले. आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. ढोलक्या, तलवारी घेऊन डुलणाऱ्या पुरुषांच्या रांगा, केशरी भात, बायकांच्या तंबूत मेंदीचा आणि गुलाबपाण्याचा वास. पहिला बार झाला तेव्हा बायकांनी जिभा घोळवून आनंदाचा आवाज काढला. उम्म सालेम माझ्या शेजारी बसली होती. प्रत्येक बाराला ती बोट मिटत होती. सहाव्यानंतर तिनं मूठ मांडीवर तशीच ठेवली. मी भाताकडे बघत होते.

नंतर नवं जोडपं आमच्या मजल्यावर राहायला येणार म्हणून आम्ही अल थुमामाला आलो. उम्म सालेमचे फोन यायचे, ईदला डबा यायचा. मी जायची कमी कमी. कामात आहे म्हणायची. शरम वाटत असली की माणूस फार कामात असतो.

आणि पुंगळी? ती मी उघडायची. हेच तर मला कुणाला सांगता आलं नाही. महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून. दार लावून बोळा काढायचा आणि डोळे मिटायचे की फ्रॉकच्या आत उभी, बाहेर आई ओरडतेय, बस चुकेल. दोन वर्षांपूर्वी आई गेली. विमानं बंद होती. मोबाइलच्या पडद्यावर मी तिचे पाय बघितले, त्यांना हात लावता आला नाही. त्यानंतर महिनाभर रोज उघडली. बोळा उसवत उसवत संपला तेव्हा माझ्या ब्लाऊजपीसचा तुकडा फाडून नवा केला. दुसऱ्या बाईचा नवरा मी माझ्या आईसाठी हुंगून हुंगून संपवला. एका दिवशी बोळा काढला तर आत काहीच नव्हतं. शिवणाच्या डब्याचा वास होता, डांबरगोळीचा.

आज दुपारी सईनं मला पलंगावर बसलेली बघितलं. कॉलेजात जाते आता. गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "जस्ट टेल हर, आई. ऑल ऑफ इट." मी हो म्हटलं.

मुऐदरची गल्ली ओळखू आली नाही, इतकी सरळ झाली होती. पण जिन्यातला वेलदोड्याचा वास तोच होता. उम्म सालेम लहान झाली होती. सालेम शेजारी बसला होता, दाढी पांढरी, पोट पुढे.

"इधर बैठो, चाय पियो, बात करो," ती म्हणाली, आणि माझा धीर तिथेच सुटायला लागला.

मी पुंगळी पदरातून काढून तिच्या तळहातावर ठेवली. चिंचेचं सांगितलं, बोळे केरात टाकल्याचं सांगितलं, फर्स्ट क्लास म्हणाले ते सांगितलं. सातवी लपवली तेही. हिंदी मोडत होती, मी रडत होते. सालेमनं मान खाली घातली.

ती अंगठ्यानं पुंगळीचा काठ चाचपत होती. "ये तो सालेम है," ती म्हणाली. "पहला. इसका इधर थोड़ा कटा है, देखो." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मेरे को मालूम था. छे आया, सात नहीं आया. मैं बोली, अच्छा हुआ. इधर रहता तो ये लड़का इसको भी भरता. उधर मेरा बेटी के पास है, संभाल के है. इस वास्ते मैं कभी पूछा नहीं."

आठ वर्षं ती विश्वासानं गप्प राहिली होती. तिच्या हिशेबानं मी राखण करत होते.

तिनं बोळा काढला, पुंगळी बुरख्याखाली नेली, आणि हसली. "भूल जाती मैं. वो कोरोना हुआ ना, तब से नाक खलास. कॉफी का भी बास नहीं आता." पुंगळी तिनं माझ्यासमोर धरली. "तुम सूँघो. सूँघ के बोलो मेरे को."

मी हुंगलं. डांबरगोळी.

सईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. ऑल ऑफ इट. मी तोंड उघडलं.

"पहले माचिस," मी म्हणाले. "फिर पीतल. फिर... रेत. ठंडी का रेत."

तिनं डोळे मिटले. "ऐवा, हाँ," ती म्हणाली. "सुबह था. ठंड था."

तेवढ्यात सालेमनं हात पुढे केला. मी काही म्हणायच्या आत त्यानं पुंगळी घेतली आणि नाकाशी नेली. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं पुन्हा एकदा श्वास ओढला, खोल. मग पुंगळी खाली घेऊन माझ्याकडे बघितलं.  सहा पुंगळ्या नेणारा तोच होता.

"हो, युम्मा," तो अरबीत आईला म्हणाला, आणि मग मला कळावं म्हणून हिंदीत. "बारूद है. पूरा है."

बोळा त्यानंच परत बसवला, माझ्या ब्लाऊजपीसचा, मोरपंखी. तो रंग तिच्या नवऱ्याच्या रुमालाचा नाही हे त्याला दिसलं असणारच. म्हातारीनं पुंगळी दोन्ही हातांत घेतली आणि माझा हात तिच्यावर ओढून दाबला.

"शुक्रन, बेटी," ती म्हणाली. "कितना संभाला तुमने."

चहा आला. मी तो सगळा प्यायले. सालेमनं आणि मी एकमेकांकडे पुन्हा बघितलं नाही.